लांडग्यांचं मतदान

कनसाचा फोटो बघून कुनी भीत न्हाय. क्रांती भ्याली.

बेस्तरवारी दुपारी गिरनीतलं दळान उरकून ती पोत्यावर टेकली, मोबाईल उघडला, तर वर्षाराणीचं स्टेटस. पन्हाळ्याचा तट, मागं धुकं, आन मधोमध भाजलेलं कनीस. कनीस धरलेल्या हातात पिळाचं जाड चांदीचं कडं. असलं कडं तिच्या वळखीत एकाच्याच हातात हुतं, हुपरीच्या पिराजीच्या. आन कोपऱ्यात गाडीची काच, काचंत लटकनारा लाल हातमोजा. ती गाडी राजवर्धनच्या बाची.

तिघं पन्हाळ्याला. तिला न सांगता. आन सोमवारी मतदान.

दुसऱ्या गावची पोरगी असती तर म्हनली असती, गेली असतील फिराय. पन हे कोल्हापूर. हितं दूध संस्थेची निवडनूक लागली की मतदार घरात गावत न्हाय. उमेदवार त्यास्नी गाडीत घालून लांब न्हेतोय, खाऊपिऊ घालतोय आन मतदानाच्या दिवशीच आनून रांगंत हुभं करतोय. त्याला सहल म्हनत्यात. सहलीला गेलेला मतदार कुनाचा, हे सांगाय जोतिषी लागत न्हाय.

फरक एवडाच, की हे मतदान दुधाचं न्हवतं. लांडग्यांचं हुतं.

वर्षामागं निशिगंधानं हा खेळ आनला. टेबलाभवती बसायचं, फासे टाकायचे आन परत्येकानं मानूसलांडगा व्हायचं. दिवसा मानूस, पुनवंला लांडगा. दाजीपूरच्या जंगलात ऱ्हानारा चौघांचा कळप. निशिगंधा गोष्ट सांगनारी, तिला मत न्हाय. बाकीच्यास्नी पदं. म्होरकी ठरवनार शिकार कुठं करायची, कळपात कुनाला घ्यायचं, मान्सांशी भांडायचं का तह करायचा. उजवा तिच्या खालोखाल. राखनदार गुहा संभाळनार. आन पंचाच्या हातात कायदा. पंचानं हात वर केला की म्होरकीनं बी तोंड मिटायचं, निवाडा तेवडा म्होरकीचा.

क्रांती म्होरकी, पिराजी पंच, वर्षाराणी राखनदार. राजवर्धन आदी म्होरक्या हुता. क्रांतीनं त्याला मतानं पाडला. तवापास्नं त्याला उजव्याचं पद पायजे हुतं आन क्रांती देत न्हवती, म्हनून ते पद तसंच रिकामं पडलेलं.

क्रांतीनं धावीत शाळा सोडली. शाळंनं तिला सोडली म्हनलं तरी चालंल, बाईंच्या टेबलावर वही आपटल्यावर तिथं फारसं काय उरलं न्हवतं. तवापास्नं आक्काची, म्हंजे आत्याची, गिरन. दिवसभर गिऱ्हाईक म्हनायचं, "ए पोरी, बारीक दळ की." बाकी चौघं कॉलेजची. पन सोमवारी गिरन बंद असली की तीच चौघं गिरनीमागच्या खोलीत जमायची, आन पुस्तकं शिकल्याली ती पोरं तिच्याकडं बघून इचारायची, "म्होरकी, आता काय करायचं?" अख्ख्या आटवड्यात तेवडे तीनच तास कुनीतरी तिला काय करायचं ते इचारत हुतं.

मतदानात पडली तर म्होरकीपद जानार, एवडंच न्हाय. कायदा असा की पडलेला म्होरक्या कळपाभाईर. एकलकोंडा. कळप बोलवंल तवाच टेबलावर यायचं. राजवर्धन पडल्यावर दोन म्हैनं भाईर हुता. हे कलम क्रांतीनंच लिवलेलं, त्याला डोळ्याम्होरं धरून.

"आक्का," क्रांती म्हनली, "मतदार सहलीला गेला तर काय करायचं?"

आक्का जात्याच्या दगडाला छन्नीनं टाकी मारत बसलीती. म्हायेरच्या दूध संस्थेत ती एकदा संचालक हुती, आन त्या एका निवडनुकीवर तिचं दहा वर्स बोलून झालं तरी बोलनं संपलं न्हवतं.

"कुठली संस्था?"

"लांडग्यांची."

"म्हंजे आमच्यासारकीच. मतं किती?"

"चार. सारकी पडली तर म्होरकी ऱ्हाती."

"मग तुझं धरून दोन झाली की काम झालं. एकच फोडायचा हाय, त्याला काय एवडं." आक्कानं हातातली छन्नी तिच्यावर रोकली. "पन एक ध्यानात ठेव. तू कुनाचा म्हनून इचारायचं न्हाय. इचारलंस की त्याला कळतंय, तू भ्यालीयास."

क्रांती इचारायला गेली न्हाय. बघायला गेली. शुक्रवारी सकाळी हुपरीची यष्टी धरली आन पिराजीच्या दारात हुभी ऱ्हायली.

हुपरी चांदीच्या कामाचं गाव, पिराजीच्या घरात बी पैंजनाची चांदीची घुंगरं करायचं काम. पुढच्या सोप्यात पाटी, पाटीत घुंगरांचा ढीग. आत गोळी घातली की घुंगरू वाजतंय, न्हाईतर मुकं. कळपाचं मतदान ह्याच्यावरच चालायचं. म्होरकी परत्येकाला एक पिशवी देनार, पिशवीत दोन घुंगरं, एक वाजनारं, एक मुकं. म्होरकी ऱ्हावी असं वाटत असंल तर वाजनारं टाकायचं, जावी वाटत असंल तर मुकं. आन टाकायचं पिठाच्या डब्यात, मनगटापतुर हात घालून. पिठात कसलाच आवाज येत न्हाय. चांदी का, तर चांदीला लांडगा भितोय. चांदी मुठीत धरून जो कळपाला फसवंल त्याचा हात जळतोय, असं निशिगंधानं गोष्टीत घातलेलं. त्यावर पिराजी एकदा म्हनलाता, "मग आमची निम्मी हुपरी कवाच जळाय पायजे हुती."

"क्रांती? तू हितं कुठं?" पिराजी उठला. "ये की, बस."

"पन्हाळ्यात गारठा हुता का रं?"

पिराजीनं पाटीत बघितलं. "कुनी सांगितलं?"

"तुझ्या कड्यानं."

तो हासला न्हाय. घुंगरं एका बोटानं हिकडची तिकडं करत बसला.

"काय ठरलं तिथं?"

"मी पंच हाय. मतदानाआदी पंचानं मतावर बोलायचं न्हाय. तुझंच कलम हाय ते."

"कलमं मला शिकवतोस व्हय?"

"शिकवत न्हाय. पाळतोय." तो आत वळला. "आई घरात न्हाय, मीच च्या टाकतो. साखर चालती न्हवं?"

त्याची पाठ वळली. क्रांतीला आता पुरतं पटलं. ज्याच्या पोटात काय नस्तंय त्याला कलमाची आठवन हुत न्हाय. पिराजी गेला, वर्षाराणी गेली, राजवर्धन तर गेलेलाच हुता. तीन मुकी आन एक वाजनारं. तिचा हात पाटीत गेला, एक घुंगरू उचललं, कानाशी हालवलं. वाजलं. मुठीत धरूनच तिनं च्या घेतला आन परतीच्या यष्टीत बसल्यावर मूठ उघडली. तळव्यात गोल वळ उमटलेला.

डाव साधा हुता. वर्षाराणीच्या पिशवीतलं मुकं काढायचं आन हे वाजनारं घालायचं. मग तिनं कुठलं बी टाकू दे, वाजनारच. दोन मतं झाली की म्होरकी जाग्यावर. नंतर रिकाम्या पिशव्या गोळा करायचं काम क्रांतीचंच, तवा तिचं उरलेलं काढून मुकं परत घालायचं. मतदान झाल्यावर पिराजी सगळी घुंगरं हालवून बघायचा, वाजनारी एका डबीत, मुकी दुसऱ्या डबीत. त्याच्या हातात जायच्या आदी सगळं जागच्या जागी.

वर्षाराणी बोलंल का? बोलली तर बोलू दे. सहलीचं कनीस खाल्लेल्या तोंडानं काय बोलनार?

सोमवारी तीनला सगळी आली. गिरन बंद, पट्टा सैल सोडलेला, हवंत बाजरीच्या पिठाचा वास. राजवर्धन बसताना पट्कन म्हनला, "म्होरकी, बरी हायस न्हवं?" क्रांतीनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं खुर्ची जरा लांब वडली.

निशिगंधानं गोष्ट सुरू केली. "दाजीपूरच्या सड्यावर पुनव उगवलीया. गव्यांचा कळप खाली पान्यावर. पन आज शिकार न्हाय. आज पंच इचारनार."

पिराजीनं हात वर केला. "म्होरकी ठेवायची का बदलायची?"

क्रांतीनं पिशव्या वाटल्या. वर्षाराणीनं टेबलाखाली हात न्हेला. एक बारीक आवाज आला. थांबून दुसरा, तसाच. क्रांतीचं कान तिकडंच हुतं. वर्षाराणीनं मान वर केली आन नुसतं बघितलं. ना राग, ना हासू. गिऱ्हाईक तराजूच्या काट्याकडं बघतंय तसं.

मग उठली, डब्यात मनगटापतुर हात घातला, पांढरा हात घेऊन परत बसली.

राजवर्धननं टाकलं. पिराजीनं टाकलं. क्रांतीनं शेवटी.

पिराजीनं पीठ चाळनीत वतलं. चाळनीत चार घुंगरं ऱ्हायली. त्यानं पयलं कानाशी न्हेलं. वाजलं. क्रांतीनं मनात मोजलं, हे माझं. दुसरं वाजलं. हे वर्षाराणीचं, आता पडत न्हाय. तिनं सोडलेला श्वास तिलाच ऐकू आला.

तिसरं वाजलं.

चौथं बी वाजलं.

"चार-शून्य," पिराजी म्हनला. "म्होरकी ऱ्हायली."

क्रांतीला आनंद व्हायला पायजे हुता. पन तिनं पयल्यांदा राजवर्धनकडं बघितलं. "तू? तू का दिलंस?"

"मग काय करू?" राजवर्धन म्हनला. "पन्हाळ्याला न्हेलं ह्या दोघास्नी, माझ्या खिशातनं कनसं घातली, भजी घातली. खाऊन झाल्यावर वर्षाराणी म्हनती, मत क्रांतीलाच, आन पंच नुसता कलम सांगतोय. हारायचंच हाय म्हटल्यावर म्या म्हनलं बिनविरोध करू. बिनविरोध केलं की उजव्याचं पद मागायला तोंड तरी ऱ्हातंय."

"भजी कच्ची हुती," पिराजी म्हनला.

निशिगंधा हासली. क्रांतीच्या कानात मातर पट्टा घासल्यागत कायतरी वाजाय लागलं. "द्या पिशव्या," ती म्हनली आन हात पुढं केला. राजवर्धननं दिली. पिराजीनं दिली. वर्षाराणीनं तिच्या पसरलेल्या हातावरनं हात न्हेला आन पिशवी पिराजीम्होरं ठेवली.

"माझी तूच बघ, पंच."

पिराजीनं घुंगरू काढलं, सवयीनं हालवलं आन मुक्यांच्या डबीकडं न्हेता न्हेता थांबला. परत हालवलं. वाजत हुतं.

राजवर्धननं खुर्ची पुढं वडली.

"चार वाजनारी डब्यात पडली," निशिगंधा हळू म्हनली. "मग हे पाचवं कुठलं?"

"त्याला इचार," क्रांती ताडकन म्हनली. "घुंगरं त्याची, पाटी त्याची. मोजताना चुकलाय."

पिराजीनं घुंगरू उजेडात धरलं. त्याची मान खालीच. "कळपाची घुंगरं जुन्या साच्यातली हाईत. हे नव्या साच्यातलं. नवा साचा गेल्या बुधवारी आनला." एवडंच बोलला. शुक्रवारी घरी कोन आलतं, हे बोलला न्हाय. घुंगरू टेबलाच्या मधोमध ठेवलं आन कड्यावरचं पीठ पुसत बसला.

क्रांतीला भांडायचं हुतं. तोंडात चार शिव्या तयार हुत्या, कुनाला द्यायच्या ते ठरत न्हवतं. ती वर्षाराणीकडं वळली. "तुला कळलं हुतं. तवाच का बोलली न्हाईस?"

"तू बोलशील म्हनून थांबलो," वर्षाराणी म्हनली. तिचा पांढरा हात अजून टेबलावर तसाच. "तुलाच देनार हुतो मी. फोटो टाकला तो बी तू इचारशील म्हनूनच. तू इचारलंसच न्हाय की गं."

भाईर कुनाची तरी गाडी हॉर्न वाजवत गेली. पिराजीनं हात वर केला. वर करताना त्याला जड जात हुतं, ते दिसत हुतं.

"चांदी मुठीत धरून कळपाला फसवलं," तो म्हनला. "निवाडा म्होरकीनं द्यायचा अस्तोय."

सगळी तिच्याकडं बघाय लागली. तीच नजर, दर सोमवारची. म्होरकी, आता काय करायचं?

"पिशव्या मी भरल्याल्या," क्रांती म्हनली. "एकलकोंडा. कळप बोलवंल तवा."

ती उठली. राजवर्धननं तोंड उघडलं. "बस," ती म्हनली, आन तो बसला. म्होरकीचा शेवटचा हुकूम तेवडाच.

दार वडून ती गिरनीत आली. घर तिचंच, म्हनून लांब जायला बी जागा न्हवती. ती पोत्यावर बसली. आतलं सगळं ऐकू येत हुतं. निशिगंधा म्हनत हुती, म्होरकीची जागा मोकळी कशी ठेवायची. राजवर्धन म्हनत हुता, तात्पुरतं मी बसतो. तात्पुरतं. क्रांतीनं कान टवकारलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुनाची, ते दारातनं कळत न्हवतं.

आक्का पुढच्या दारानं आत आली. हातात भाजीची पिशवी.

"का गं, भाईर बसलीयास?"

"पडलो."

"किती मतांनी?"

"चार-शून्यनं निवडून आलो."

आक्कानं पिशवी खाली ठेवली. दहा वर्सांची ती निवडनूक मनात उलटीपालटी करून बघितली. असं कवा झाल्याचं तिला आठवना.

"आन मग पडलीस कशी?"

क्रांतीनं खोलीच्या दाराला कान लावला. आत कुनीतरी एक घुंगरू उचलून हालवत हुतं, आन ते वाजतंय का मुकं हाय, ते ऐकायला ती थांबली.