न मागवलेली पावडर

मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. त्यातली पहिली दहा बोर्डावर गेली. कानाला हेडफोन, समोर लुकलुकणारे दिवे, हातात प्लग आणि मागे येरझाऱ्या घालणाऱ्या सुपरवायझर बाई. या बाई नव्या मुलींकडून पहिल्याच दिवशी दोन नियम घोकून घ्यायच्या. एक, समोरच्याने फोन ठेवल्याशिवाय आपण लाइन सोडायची नाही, मग तो कितीही पाल्हाळ लावो. दोन, बोलणं मध्येच तुटलं तर ज्याने फोन लावला होता त्यानेच पुन्हा लावायचा. नाहीतर दोघंही एकमेकांना लावत बसतात आणि दोघांनाही लाइन बिझी मिळते. हे नियम माझ्या हाडीमाशी इतके खिळले आहेत की, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी राँग नंबरवाल्याचाही फोन मी आधी ठेवत नाही. तो बिचारा गोंधळून गप्प बसतो, मीही गप्प बसते.

परवापर्यंत आयुष्यात एकदाच मी समोरच्याच्या आधी फोन ठेवला होता. ठेवला कसला, आपटला. ते पुढे सांगते, आधी पावडरीचं सांगू दे.

गेल्या वर्षी गुडघे दाखवायला डॉक्टरांकडे गेले होते. नंबर यायला तासभर होता. काउंटरवर गुलाबी कार्डांचा गठ्ठा ठेवलेला. गुडघ्यांसाठी खास पावडर, पहिला डबा नमुना म्हणून संपूर्ण मोफत. त्याखाली मुंगीच्या पायाएवढी अक्षरं होती. ती वाचायला चष्मा हवा, चष्मा पर्समध्ये, आणि पर्स उघडायचा आला कंटाळा. लोकांना जन्मभर ‘आधी नीट ऐकून घ्या’ असं बजावत आलेली मी कार्ड भरून मोकळी झाले. गुडघ्यांसाठी नाही भरलं, खोटं कशाला बोलू? कार्डाच्या तळाशी एक ओळ ठळक होती, ती मला चष्म्याशिवाय दिसली. आमचे प्रतिनिधी आपल्याला फोन करतील, अशी.

माझा फोन स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्या मधल्या बोळात, एका उंच स्टुलावर असतो. मी त्याला रोज पुसते. तो वाजत मात्र नाही. यजमान होते तोवर त्यांच्या मित्रांचे फोन यायचे, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली आणि मित्रही एकेक करून गेले. पुतण्या करतो तो मोबाइलवर. ‘काकू, बरं आहे ना? चला, ठेवतो,’ इतकंच. कधीकधी मी नुसताच रिसीव्हर उचलून कानाला लावते. आतली घरघर ऐकली की लाइन जिवंत आहे म्हणून बरं वाटतं.

डबा आला. पावडर नारिंगी रंगाची, कोमट पाण्यात ढवळून घ्यायची. चव विचाराल तर खडू कुटून त्यात संत्र्याची गोळी टाकावी तशी. दोन दिवस घेतली, तिसऱ्या दिवशी बेसिनमध्ये ओतली. चौथ्या दिवशी फोन वाजला आणि मी हातातली कणीक तशीच टाकून बोळात धावले.

एक मुलगी होती. आवाज गोड, जरा दमलेला. डबा मिळाला का, चव आवडली का, गुडघ्यांना काही फरक? दोन दिवसांत कसला डोंबलाचा फरक पडणार! पण मी म्हटलं, वाटतंय थोडं बरं. मग ती विचारत गेली आणि मी सांगत गेले. जिने किती, झोप कशी, आईला हा त्रास होता का. आईला होता, म्हटलं, आमच्या घराण्यातच गुडघे वाईट. तेव्हा ती म्हणाली, मग तुमच्या बहिणीला वगैरेही असेल, त्यांचं नाव-पत्ता दिलात तर त्यांनाही एक डबा मोफत जाईल. माझ्या तोंडून पत्ता कधी बाहेर पडला मलाच कळलं नाही. नंबरसुद्धा दिला. ऑपरेटरच्या डोक्यातून नंबर जात नाहीत.

बोलणं संपलं तरी ती फोन ठेवेना. मला वाटलं, काय सोशिक पोर आहे. पुढे कधीतरी तिनेच सांगितलं की ग्राहकाच्या आधी फोन ठेवायची त्यांना परवानगी नाही, ठेवला तर साहेब फैलावर घेतात. म्हणजे दोन्हीकडे एकच नियम! आम्ही दोघी कितीदा तशाच बसून राहायचो, ती तिकडे, मी इकडे. शेवटी तिला दुसरा फोन घ्यायचा असायचा, मग मीच म्हणायचे, ठेव बाई, मी कोणाला सांगत नाही.

पुढच्या महिन्यात दुसरा डबा आला. मी मागवला नव्हता. कुरिअरवाला म्हणाला, याचे पैसे द्यायचे आहेत. आतल्या चिठ्ठीत लिहिलेलं, परत न पाठवल्यास आपली संमती समजली जाईल. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. चांगलं खडसावायचं ठरवून फोनपाशी बसले, आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, तिने सांगून ठेवल्याप्रमाणे, त्याच मुलीचा फोन आला. ‘कशा आहात मॅडम?’ म्हणाली. मला तसं विचारून किती दिवस झाले होते! माझा सगळा राग जागच्या जागी विरघळला. डबा आवडला म्हणून सांगितलं मी. असे आठ डबे माझ्या गळ्यात मारले त्यांनी, आणि मी गळा पुढे करून उभी. ते आठही पलंगाखाली न उघडता पडून होते.

आता ते एकदाच आपटलेल्या फोनचं सांगते.

माझी धाकटी बहीण, बारकी. साठी उलटली तरी घरात बारकीच. अकरा वर्षांपूर्वी आई माझ्याकडे अंथरुणाला खिळली होती, आणि बारकीच्या घरी तिचे सासरे. येते येते म्हणत राहिली आणि पोचली ती सगळं आटोपल्यावर. परत गेली, आणि पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही. भीत भीत विचारलं, ‘ताई, आईने शेवटी माझी आठवण काढली का गं?’

माझ्या अंगात तीन महिन्यांची जागरणं होती. मी म्हटलं, ‘ज्यांना यायला सवड नाही, त्यांची आठवण कोण काढतं?’ आणि रिसीव्हर आपटला.

साफ खोटं होतं ते. शेवटचे तीन दिवस आई दुसरं काही बोललीच नाही. ‘बारके, बारके’ चाललेलं. आणि ते माझ्याकडे बघून! मी कूस बदलायची, मी पाणी पाजायची, आणि ती माझा हात धरून मला बारकी म्हणायची. ते मला झोंबलं होतं. त्याचा सूड मी त्या पोरीवर उगवला.

दोन दिवसांत राग उतरला. मग मी वाट बघत बसले. फोन तिने लावला होता, तुटला तर तिनेच पुन्हा लावायचा, हा नियमच आहे. महिना गेला, वर्ष गेलं. मी घर बदललं नाही, नंबर बदलला नाही. मोबाइलचा नंबर तिच्याकडे नाही, असलाच तर हाच एक आहे. अकरा वर्षं मी तो स्टुलावरचा फोन पुसते आहे तो एवढ्यासाठी.

गेल्या आठवड्यात पुतण्या पंखा बघायला आला आणि त्याचा पाय पलंगाखालच्या डब्याला लागला. एकामागून एक आठ डबे त्याने ओढून काढले आणि कपाळावर हात मारला. तसा पोरगा प्रेमळ आहे, पण प्रेमळ माणसं चिडली की फार शहाण्यासारखं बोलतात. न मागवलेल्या मालाचे पैसे द्यायचे नसतात काकू, पाकीट हातातच घ्यायचं नाही, फसवतात हे लोक, एकटी बाई बघून बरोबर हेरतात. मग तो म्हणाला की सगळं या फोनमुळे होतंय. येतात ते असलेच फोन, दुसरा कोणाचा येतो? बंदच करून टाकू. अर्ज त्याने तिथेच मोबाइलवर भरायला घेतला.

मी इतक्या जोरात ‘नाही’ म्हणाले की तो दचकला. कारण काय सांगणार? अकरा वर्षं एका फोनची वाट बघतेय, हे सत्तरीच्या बाईने पुतण्याला कोणत्या तोंडाने सांगावं? शेवटी ठरलं ते असं. येत्या मंगळवारी मी त्या मुलीला स्वच्छ शब्दांत सांगून डबे बंद करायचे. केले तर फोन राहील, नाहीतर बुधवारी तो अर्ज पाठवणार.

मंगळवारी सकाळपासून मी स्टूल धरून बसले. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. साडेअकराला फोन वाजला. ‘कशा आहात मॅडम?’

मी कागदावरचं वाचून दाखवलं. डबे मी मागवले नव्हते, यापुढे घेणार नाही, कार्डावरचं माझं नाव काढून टाका, आणि तसं लेखी कळवा. मला वाटलं, आता ही गोडीगुलाबीने पुन्हा गळ घालणार. पण ती हळूच म्हणाली, ‘बरं केलंत मॅडम.’ कॉम्प्युटरच्या कळा दाबल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, तुमच्या नावावरचा दुसरा पत्ताही बंद करायचा ना?

कुठला दुसरा, म्हटलं.

तुमच्या बहिणीचा, ती म्हणाली. त्यांनाही दर महिन्याला जातो. आठ गेले, आठही त्यांनी घेतले, एकही परत आला नाही. मी विचारलं, त्या मूर्ख बाईने कशाला घेतले? तेव्हा कळलं की ओळखीतून दिलेल्या पत्त्यावर डबा जातो त्यावर एक चिठ्ठी चिकटवतात, कंपनीच छापते. आपल्या ताईंनी आपली काळजी म्हणून हे सुचवलं आहे, असं त्यावर लिहिलेलं असतं.

मी भिंतीला टेकले.

‘मॅडम, हे सांगायची आम्हाला परवानगी नाही,’ ती आवाज खाली आणून म्हणाली. ‘पण त्यांनाही मीच फोन करते. पावडरीबद्दल त्या काहीच बोलत नाहीत. दर वेळी एकच विचारतात, ताईने काही निरोप दिलाय का?’

‘मग तू काय सांगतेस?’

‘नाही म्हणते. काय सांगणार मी?’

आठ महिने. आठ वेळा बारकीने विचारलं, आठ वेळा तिला ‘नाही’ ऐकायला मिळालं, आणि पुढच्या महिन्यात तिने पुन्हा डबा घेतला. आता मी तो बंद करणार. पुढच्या महिन्यात कुरिअरवाला तिच्या दाराशी येणार नाही, आणि ताईने दुसऱ्यांदा तोडलं असं तिला वाटेल. बंद नाही केला तर त्या खडूच्या भुकटीचे पैसे ती मरेपर्यंत भरत राहील, माझी माया समजून. या कंपनीला मी मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या ते सांगत नाही. पण शिव्या कोणाला घालू? तिच्या दारात मायेच्या नावाने काहीतरी पोचवलं ते त्या ठगांनी. मी अकरा वर्षं काय पोचवलं?

आणि त्या नियमाचं तर मला हसूच आलं, रडू यावं तसलं. नियम होता आपोआप तुटलेल्या फोनसाठी. माझा कुठे आपोआप तुटला होता? मीच आपटला होता. सुपरवायझर बाई असत्या तर त्यांनी माझा कान धरून रिसीव्हर माझ्या हातात दिला असता.

मी मुलीला म्हटलं, दोन्ही बंद कर. ती हो म्हणाली आणि सवयीने थांबून राहिली. मीही सवयीने थांबले. तिच्या मागे इतर मुलींचे आवाज येत होते, आमच्या एक्स्चेंजमध्ये यायचे तसेच. ही आता मला कधी फोन करणार नाही, हे मला कळत होतं. तिलाही कळलं असावं. ‘काळजी घ्या मॅडम,’ म्हणाली.

मला लाइन मोकळी हवी होती. मी तिच्या आधी फोन ठेवला. आपटला नाही, हळूच ठेवला.

मग पुन्हा उचलला. नंबर बोटांनीच लावला. घंटी वाजत राहिली. बारकीचेही गुडघे आमच्याच घराण्यातले, तिला उठून यायला वेळ लागणार होता. सातव्या घंटीला उचलला.

‘हॅलो,’ ती म्हणाली. लिहिलेला कागद हातात होता, पण तो दुसऱ्याच फोनचा. ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘ताई? ती पावडर फार वाईट आहे गं.’

‘माहीत आहे मला,’ मी म्हटलं. ‘बारके, ऐक. मी तुझ्याशी खोटं बोलले होते. आई तुलाच हाका मारत होती. तिन्ही दिवस. माझा हात धरून मला बारकी म्हणत होती.’

फोन तिने ठेवला नव्हता, तिचा श्वास ऐकू येत होता. मीही ठेवला नाही.