तिसऱ्या जहाजाचा पंप

मुलीचं बारसं दुसऱ्यांदा पुढं गेलं, तेव्हा परतूरच्या मोनिकाला जहाज या शब्दाचाच राग यायला लागला. नवरा सुग्रीव नौदलात, इंजिनवर. त्याची फ्रिगेट, म्हणजे युद्धनौका, कित्येक महिने मुंबईच्या गोदीत बंद होती आणि तरी त्याला सुट्टी नव्हती.

"जहाज बंद हाय, मंग ह्यो तिथं काय करून राह्यला?" सासरे आबाराव रोज विचारायचे.

सुग्रीवनं फोनवर समजावलं. या वर्गाची जहाजं तीनच, सख्ख्या बहिणींसारखी. समुद्राचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवणारे त्यांचे पंप परदेशी, आणि ते बनवणारी कंपनी कधीच बुडाली. म्हणून पहिलं जहाज सेवेतून काढल्यापासून त्याचेच भाग काढून बाकीच्या दोघांना लावत होते. "त्याचा शेवटचा पंप आमच्याकडं येऊन राह्यला. बसवला, चाचणी झाली, की मी घरी."

पंप आला, पण बसेना. सुग्रीवचं जहाज तिसरं, आणि ते बांधताना नळ्यांचं माप बदललं होतं. सुट्टी पुन्हा गेली.

"सख्ख्या बहिणी म्हणता, अन् एकीचं दुसरीला चालंना?" मोनिका भडकली.

"मी इथं डोकं आपटून राह्यलो, त्यात तू नको ओरडू."

"पोरीला अजून नाव न्हाई!"

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरली. आबाराव आडवे आले. "तान्हं लेकरू घेऊन एकलीच?"

"मामा, ते येत न्हाईत, तर मी जाते."

कुरकुरतच ते स्टेशनापर्यंत आले आणि गाडीत पाण्याची बाटली देऊन गेले.

गोदीच्या फाटकावर तिला खूप वेळ उभं केलं. मग सुग्रीव बाहेर आला. दाढी वाढलेली, नखं काळी. "कळवायचं तरी," तो म्हणाला.

"तुम्ही नको म्हणले असते."

त्यानं मुलीकडं हात केले. ती किंचाळून रडली. तो मागं सरला आणि तिथंच कट्ट्यावर बसला. "समुद्रावर जायचं म्हणून भरती झाल्तो, मोनिका. दुसऱ्या जहाजाचे नट खोलण्यातच उमर चालली. अन् तेही बसंना."

गाडीत तिनं भांडण पाठ केलं होतं. ते सगळं तिनं बाजूला ठेवलं, आणि त्याचाही तिला राग आला. रडती पोर तिनं त्याच्या मांडीवर ठेवली. "घ्या. रडू द्या तिला. मी परत जाणार न्हाई. जागा बघा."

एका मित्राची खोली मिळाली. रविवारी तिथंच, ओळखीच्या चार बायका जमवून, चादरीच्या झोळीत बारसं झालं. पोरीचं नाव सत्यशीला ठेवलं. आबाराव व्हिडिओ कॉलवर "दिसत न्हाई, दिसत न्हाई" ओरडत होते.

जेवण उरकतं न उरकतं तोच सुग्रीवला बोलावणं आलं. नवा पंप आता इथंच बनवायचा ठरला होता आणि त्याची मापं घ्यायची होती. त्याला अजून कितीतरी महिने लागणार होते.

"रविवारीसुद्धा?" मोनिका म्हणाली.

"रात्री जेवायला येतो."

तिनं दार जरा जोरातच लावलं आणि रात्रीच्या भाकरीसाठी पीठ काढलं.