न सांगितलेली गुठळी

सकाळचे अकरा वाजले होते. डॉक्टरीणबाई एका मांजराचा कान साफ करत होत्या, तेवढ्यात बाहेरच्या खोलीत बाकडं उलटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मामांची किंकाळी. मामा म्हणजे दवाखान्याचे कंपाउंडर. बावीस वर्षांत मामांनी साधा आवाज चढवलेला बाईंनी ऐकला नव्हता, किंकाळी तर दूरच.

दार लाथेसरशी उघडलं आणि क्रेनवाला आत आला. बंद पडलेल्या गाड्या क्रेनने ओढून आणायचा त्याचा धंदा. माणूसही तसाच; एकदा आकडा अडकवला की समोरचं उखडल्याशिवाय सोडायचा नाही. त्याच्या दोन्ही हातांवर त्याचा बॉक्सर कुत्रा होता, जमादार. मान लोंबकळत होती, जीभ निळी पडली होती. मागून क्रेनवाल्याचा धाकटा भाऊ आला. त्याने एका माणसाची कॉलर धरून त्याला पोत्यासारखं फरफटत आणलं होतं.

तो माणूस घड्याळवाला आहे हे ओळखायला बाईंना वेळ लागला. क्रेनवाल्याच्या गॅरेजला लागून त्याचं हातभर दुकान होतं. बाईंचं मनगटी घड्याळ त्यानेच दोनदा दुरुस्त केलं होतं. आता त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता, ओठ फाटला होता आणि उजव्या हाताची दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती.

"ताई, मांजर उचला आणि चालत्या व्हा," भाऊ मांजरवालीला म्हणाला. ती मांजराला छातीशी कवटाळून पळाली. भावाने आतून कडी घातली आणि मामांच्या हातातला फोन हिसकावून भिंतीवर आपटला.

क्रेनवाल्याने जमादारला टेबलावर ठेवलं. झोपलेल्या लेकराला ठेवावं तसं, डोक्याखाली तळहात देऊन.

"फाडा याला," तो म्हणाला. "पोटात विष आहे का बघा. निघालं की या घड्याळवाल्याला इथेच संपवतो."

"आधी यांना मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं. बोटं मोडलीत यांची."

भावाने घड्याळवाल्याच्या बरगडीत लाथ घातली. "आधी कुत्रा."

काय घडलं होतं ते दोघा भावांच्या आरडाओरडीतून बाईंना कळलं. आदल्या दिवशी संध्याकाळी जमादार घड्याळवाल्याच्या पायरीवर मुतला होता, दिवसातून तिसऱ्यांदा. घड्याळवाला सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला होता, "एक दिवस या कुत्र्याचा बंदोबस्तच करतो!" आणि आज सकाळी गॅरेजच्या दारात उभ्या उभ्या जमादारला धाप लागली. तो भिंतीला टेकला, खाली बसला आणि पाच मिनिटांत संपला. क्रेनवाल्याने सुतावरून स्वर्ग गाठला. घड्याळवाल्याला दुकानातून ओढून काढलं आणि त्याचा हात त्याच्याच दुकानाच्या शटरखाली धरला. शटर भावाने ओढलं.

बाईंनी हातमोजे चढवले. सुरी हातात घेतली.

जमादारला बाई पाच आठवड्यांपासून ओळखत होत्या. पहिल्यांदा त्याला क्रेनवाल्याची बायको घेऊन आली होती. "बाई, हा पाणी एवढं पितो की विहीर आटवेल," ती म्हणाली होती. "खा-खा तर विचारू नका. पोट बघा, आम्ही म्हणतो याला दिवस गेलेत." पाठीवरचे केस गळालेले, कातडी पातळ, पोट ढोलासारखं. बाईंनी तपासण्या केल्या. मूत्रपिंडाच्या वर जी छोटीशी ग्रंथी असते, तिने भलताच जोर धरला होता. कुशिंगचा आजार. त्यातच लघवीतून प्रथिनं जात होती आणि रक्तदाबही वाढलेला होता. अशा कुत्र्याचं रक्त गोठायला टपलेलं असतं, हे बाईंना ठाऊक होतं. एखादी गुठळी सुटली आणि फुप्फुसात अडकली, तर चालता-बोलता कुत्रा जातो.

निकाल सांगायच्या दिवशी क्रेनवाला स्वतः आला होता, बायकोला घेऊन. बाई एकेक गोष्ट समजावून सांगत होत्या. आजार जुनाट आहे, गोळ्या जन्मभर, दर काही दिवसांनी तपासणी. प्रत्येक वाक्यागणिक क्रेनवाल्याचा चेहरा लाल होत गेला आणि मधेच तो बायकोकडे वळला. "तूच! तूच दिवसभर याच्या तोंडात कोंबत असतेस!" त्याचा हात उठला. बायकोने मान खांद्यात घेतली, अगदी सवयीने. बाईंसमोर हात पडला नाही, एवढंच.

रक्ताच्या गुठळीची गोष्ट बाईंच्या जिभेवर होती. ती त्यांनी गिळली. आता आणखी काही भीतीदायक सांगितलं तर त्याची शिक्षा घरी गेल्यावर कोणाला होणार, हे दिसत होतं. पुढच्या खेपेला सांगू, बायको एकटी आली की. पुढच्या खेपेला जमादारचं पाणी निम्म्यावर आलं होतं, तो शेपटी हलवत होता, आणि बाईंनी विषय काढलाच नाही.

आता त्यांनी गळ्यापासून खालपर्यंत एक सरळ छेद घेतला. कातडी कागदासारखी सुटली. क्रेनवाल्याने तोंड फिरवलं नाही. तो टेबलाला खेटून उभा होता, त्याच्या श्वासाचा वास बाईंना येत होता.

"पोट आधी," तो म्हणाला.

बाईंनी जठर उघडलं. आत ओला, पिवळसर लगदा होता. त्यात अर्धवट विरघळलेल्या बिस्किटांचे तुकडे.

"हे काय?" क्रेनवाला खेकसला. "बिस्किटं आमच्या घरी बंद आहेत. बाई, तुम्हीच बंद केली होती!"

मग जमिनीवरून चिरका आवाज आला.

"मी दिली." घड्याळवाला भिंतीला पाठ लावून बसला होता. "रोज देतो. दुकानासमोर येऊन बसायचा, डोळ्यांत बघत राहायचा. भुकेला जीव... मला बघवायचं नाही."

"काल बंदोबस्त करतो म्हणालास!"

"पायरी रोज मलाच धुवावी लागते ना, दादा. माणूस बोलतो रागात."

पुढचं इतकं पटकन झालं की मामांना मधे पडताच आलं नाही. क्रेनवाल्याने त्याला दोन हातांनी उचललं आणि औषधांच्या कपाटावर फेकलं. काचा फुटल्या. भावाने पडलेल्याला टाचेने तुडवायला सुरुवात केली. मोडकी बोटं बुटाखाली आली तेव्हा घड्याळवाल्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो माणसाचा वाटत नव्हता. मामा भावाच्या कमरेला लोंबकळले. त्याने कोपराने त्यांचं नाक फोडलं.

"थांबा!" बाई ओरडल्या. "हे विष नाही! अजून छाती उघडायची आहे. मला दाखवू तरी द्या, मग काय ते करा!"

"मग काय ते करा" हे शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण क्रेनवाला थांबला. धापा टाकत टेबलाशी आला.

बाईंनी बरगड्या कापल्या. त्या कडकड मोडत होत्या आणि प्रत्येक आवाजाला क्रेनवाल्याचा जबडा आवळत होता. हृदयाची उजवी बाजू फुगलेली होती. तिथून फुप्फुसांकडे निघणारी मोठी रक्तवाहिनी बाईंनी कात्रीने उभी चिरली. गुठळी तिथेच होती. करंगळीएवढी जाड, राखाडी-तांबडी, दोन फाट्यांवर स्वार होऊन बसलेली.

"हे बघा. यामुळे गेला."

"मेल्यावर रक्त गोठतंच," भाऊ म्हणाला. "आम्हाला काय खुळे समजता?"

"गोठतं. ते असं असतं." बाईंनी हृदयातून दुसरा गोळा काढून ट्रेमध्ये टाकला. तो चकचकीत होता, थुलथुलीत, बोट लावताच घसरत होता. "आणि ही बघा. कोरडी. थर दिसताहेत. भिंतीला चिकटली आहे, ओढली तरी येत नाही. ही तो जिवंत असताना तयार झाली. हिनेच श्वास कोंडला. विषाने रक्तवाहिनीत असा बूच बसत नाही."

क्रेनवाला वाकला. हातमोज्याशिवायच त्याने बोट घातलं आणि गुठळीला स्पर्श केला. ती हलली नाही.

"कशाने होते ही?"

"त्याच्या आजारामुळे. त्या आजारात रक्त लवकर गोठतं."

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

मामा भिंतीशी नाक धरून उभे होते. बोटांतून रक्त ठिबकत होतं. त्यांनी बाईंकडे बघून मान हलवली, जोरात, दोनदा. नाही म्हणा.

नाही म्हणणं सोपं होतं. कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, कोणी साक्षीदार नव्हता. पण जमिनीवर काचांमध्ये एक माणूस पडला होता आणि त्याच्या रक्ताने बाईंच्या चपला भिजत होत्या. आता एक खोटं सांगितलं, तर क्रेनवाल्याचा राग पुन्हा घड्याळवाल्यावर, नाहीतर घरी बायकोवर उतरला असता.

"हो," बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सांगितलं नाही."

"का?"

"तुम्ही बायकोवर हात उगारलात. मला तुमची भीती वाटली. सांगितलं असतं तरी तो वाचलाच असता असं नाही. गुठळी होऊ नये म्हणून गोळी देता आली असती, तिचीही खात्री नाही. पण सांगायला हवं होतं. चूक माझी आहे. या माणसाची नाही."

फटका त्यांना दिसलाच नाही. स्टीलचा ट्रे होता, हे नंतर मामांनी सांगितलं. गालाचं हाड मोडल्याचा आवाज मात्र बाईंना आतून ऐकू आला, सुकी फांदी मोडावी तसा. त्या वजनकाट्यावर पडल्या. दुसरा फटका खांद्यावर बसला. तिसऱ्यासाठी त्याने ट्रे उचलला तेव्हा त्याच्या हाताला भाऊ लटकला होता.

"दादा, बाईमाणूस आहे! मरेल ती! दादा!"

मग क्रेनवाल्याने माणसं सोडून वस्तू धरल्या. खुर्ची खिडकीवर गेली, सूक्ष्मदर्शक जमिनीवर. बेसिन त्याने हातांनी भिंतीतून उपसलं आणि पाण्याची चिळकांडी छतापर्यंत गेली. शेवटी फोडायला काही उरलं नाही. ओल्या अंगाने तो टेबलाशी आला आणि उघड्या छातीच्या जमादारला उचलायला लागला. हातातून काहीबाही निसटायला लागलं. ते तो परत आत कोंबत होता, रडत होता, पुन्हा कोंबत होता.

"ठेवा," बाई म्हणाल्या. अर्धं तोंड हलत नव्हतं. "असं नेऊ नका. शिवून देते."

तो मागे सरला.

एका डोळ्याने बाईंनी जमादारला शिवलं. आजाराने झिजलेली कातडी टाका धरत नव्हती; दोरा ओढला की फाटत होती. म्हणून त्यांनी दूर दूर, खोल टाके घातले. गालावरचं रक्त जमादारच्या पोटावर पडत होतं आणि मामा ते कापसाने पुसत होते. शेवटची गाठ मारली तेव्हाच दारावर थापा पडल्या. मांजरवालीने पोलिसांना बोलावलं होतं. क्रेनवाल्याने स्वतःच कडी काढली.

घड्याळवाल्याच्या तीन बरगड्या मोडल्या आणि दोन बोटं कायमची निकामी झाली. बोटं हाताला राहिली, पण वळत नाहीत. बारीक चिमटा धरता येत नाही. तो आता फक्त पट्टे बदलून देतो. बाई त्याला दोनदा भेटायला गेल्या. पहिल्या वेळी तो मान खाली घालून एका घड्याळाचा पट्टा बसवत राहिला. दुसऱ्या वेळी म्हणाला, "त्या दिवशी खरं बोललात, म्हणून मी जिवंत आहे. पण आधी बोलला असतात, तर माझा हात आज धड असता." त्याने चहा विचारला नाही, त्याही बसल्या नाहीत.

गालाच्या हाडात धातूची पट्टी बसवून बाई महिन्याभराने दवाखान्यात आल्या. त्याच आठवड्यात क्रेनवाल्याची बायको आली. क्रेनवाला अजून कोठडीतच होता; भाऊ जामिनावर सुटला होता आणि बाहेर मोटरसायकलवर बसून उघड्या खिडकीतून आत बघत होता.

"बाई, तक्रार मागे घ्या," ती मोठ्याने म्हणाली. "तुमच्या पाया पडते. तापट आहे, पण मनाने वाईट नाही हो! कुत्र्यावर पोटच्या पोरासारखा जीव होता त्याचा!"

ती खरंच पायांशी वाकली. बाई तिला उठवायला खाली झुकल्या, तेव्हा तिचं तोंड त्यांच्या कानाशी आलं.

"घेऊ नका," ती कुजबुजली. "महिना झाला, मी पाठ टेकून झोपते आहे. अजिबात घेऊ नका."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूसही नव्हता.

"आणि त्याला काय सांगणार?" बाईंनी खिडकीकडे नजरेने खुणावलं.

"सांगेन, बाई नुसता दगड आहे."

बाई सरळ उभ्या राहिल्या. गाल ठणकत होता, तोंड पुरतं उघडत नव्हतं, तरी त्यांनी होता नव्हता तेवढा आवाज गोळा केला.

"एक शब्द ऐकणार नाही!" त्या कडाडल्या. "निघा इथून! पुन्हा पायरी चढलात तर बघा!"

बाहेर मोटरसायकलची किक बसली. बायकोने पदराने कोरडे डोळे पुसले, मान खाली घातली आणि हुंदके देत बाहेर पडली.