आखूड नोट

खोटी नोट सापडली त्या दिवसापासून जोसायाला कॉनरॅडच्या प्रत्येक गोष्टीत काळंबेरं दिसायला लागलं.

मेलबर्नमधल्या फॉसेटसाहेबांच्या छापखान्यात बँकांच्या नोटा आणि चेक छापले जात. कॉनरॅड हेल्विग पोलादी पाट्यांवर नक्षी कोरायचा आणि जोसाया ट्रेगियर त्या पाट्यांना शाई चोपडून ओल्या कागदावर छाप उठवायचा. कित्येक वर्षं दोघं एकाच बाकावर बसून डबा खात आले होते. पण सोन्याच्या खाणींच्या बॅलरॅट गावात एका गुत्त्यात एक पौंडाची खोटी नोट निघाली, आणि साहेब ती सगळ्यांसमोर नाचवत म्हणाले, "इतकी हुबेहूब नक्षी बाहेरच्याला जमायची नाही. घरभेदी इथलाच आहे." झालं. जोसायाच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

माणूस वाईट नव्हता हो. पण संशय घेण्यात त्याला भारी गोडी. कुणी हसलं तर का हसलं, गप्प झालं तर का गप्प झालं, याच्यावर त्याचा अख्खा दिवस निघायचा. आता तर आयतंच खाद्य मिळालं. कॉनरॅडची बायको फ्रीडा, तिच्या डोक्यावर नवी रेशमी टोपी कुठून आली? रविवारी चर्च सुटल्यावर कॉनरॅड गप्पांना न थांबता घरी का पळतो? आणि छापखान्यात पितळेला कुणी हात लावत नाही, मग त्याच्या नखांत पितळेचा कीस कसा?

पुढच्या रविवारी जोसाया जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी घेऊन त्याच्या दारात हजर. वाळवंटावरून येणारा उत्तरेचा वारा भट्टीसारखा तापला होता.

"जोसायाभाऊ, तुम्ही? न सांगता?" फ्रीडा दारातच अडखळली.

"भावाला सांगून यावं लागतं होय, वहिनी?" म्हणत तो थेट मागच्या खोलीत शिरला. कॉनरॅडनं झटकन टेबलावर फडकं टाकलं.

"एवढ्या उकाड्यात पडदे ओढून बसलायस?"

"डोळे दुखतात."

"आणि फडक्याखाली काय? सोनं लागलं की काय परसात?"

"तुझं नाक फार लांब आहे, जोसाया. एक दिवस यंत्रात सापडेल," कॉनरॅड हसला. पण त्याचा हात काही फडक्यावरून हलला नाही. जोसायानं तेवढं बरोबर टिपलं.

सोमवारी सकाळी तो साहेबांसमोर उभा राहिला. "मला चहाडी करायची नाही, साहेब, पण..." असं म्हणणारा चहाडी करायलाच आलेला असतो. त्यानं टोपी, पडदे, कीस, फडकं, सगळं ओकून टाकलं. बाहेर पडताना त्याला अगदी हलकं वाटलं.

दुपारच्या आतच पोलिसानं कॉनरॅडच्या घरातलं गाठोडं आणून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. जोसायालाही आत बोलावलं. कॉनरॅडचा चेहरा पांढराफटक पडला होता. नोटेचा गुन्हा शाबीत झाला तर उरलेला जन्म तुरुंगात दगड फोडण्यात जाणार होता.

"ट्रेगियरनं तुला हे झाकताना पाहिलंय," साहेब म्हणाले. "सोड गाठ."

कॉनरॅडनं गाठ सोडली. आत पितळेच्या छोट्या पाट्या निघाल्या. वरच्या पाटीवर कोरलं होतं : मार्गारेट डन, वय वर्षं चार.

"शवपेट्यांवरच्या पाट्या आहेत," तो खाली बघत म्हणाला. "पगारात भागत नाही, साहेब. बँकांच्या नोटा कोरणारा मी असली कामं करतो, हे कुणाला सांगू? फ्रीडाची टोपीसुद्धा एका विधवेनं पैशांऐवजी दिली."

मग त्यानं ती खोटी नोट मागून घेतली आणि खऱ्या नोटेवर ठेवली. दोन्ही बाजूंनी खऱ्या नोटेची किनार बाहेर डोकावली.

"बघा, नक्षीच आखूड आहे. आपण ओल्या कागदावर छापतो आणि वाळला की तो आक्रसतो. या चोरानं वाळलेली नोट पुढ्यात घेऊन तेवढ्याच मापाची पाटी कोरली. तिचा छाप वाळून पुन्हा आक्रसला. खरी पाटी मीच कोरलीय, साहेब. तिचं माप मला झोपेतही चुकणार नाही." तो जोसायाकडे वळला. "कागद रोज तू भिजवतोस. तूच वाळत घालतोस. एकदा तरी दोन नोटा एकमेकींवर ठेवून बघायच्या होत्यास."

जोसायाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. खोटी नोट त्यानंही हातात धरली होती. पण त्याचं सारं लक्ष नोटेऐवजी माणसांच्या तोंडांकडे होतं.

साहेबांनी दोन्ही नोटा उजेडात धरून पाहिल्या. "नोटेच्या आरोपातून तू सुटलास, हेल्विग," ते म्हणाले. "पण कोरक्यानं बाहेरचं काम करायचं नाही, हा इथला नियम. हत्यारं जमा कर आणि जा."

कॉनरॅडनं एकेक पाटी पुसून फडक्यात ठेवली.

"कॉनरॅड, मला वाटलं..." जोसाया पुटपुटला.

"तुला नेहमी काहीतरी वाटतंच." शेवटची पाटी कोरी होती. ती कॉनरॅडनं जोसायासमोर धरली. "ही तुझ्यासाठी ठेवतो. वेळ आली की नाव मीच कोरीन. पैसे घेणार नाही."

जेवणाच्या सुट्टीत जोसाया बाकावर एकटाच बसला. डबा उघडायची त्याला वासना नव्हती. समोरून दोघं बोलत येत होते, त्याला बघून गप्प झाले. का गप्प झाले, याचा त्याला आज विचार करावा लागला नाही.