अकरा जणींचा एकच नंबर

मित्रांनो, मी एक जुना, बटणांचा मोबाईल आहे. माझ्या सातच्या बटणावरचा आकडा पुसून गेला आहे. झरीच्या सरजाबाईंच्या कमरेच्या पिशवीत माझे आयुष्य गेले. तिथे ऊब असे. अर्धवट झोपेत मी त्यांचा श्वास ऐकत असे.

एकदा शाळेत आरोग्य कार्डाचे शिबिर झाले. कार्डाला मोबाईल नंबर लागे. गल्लीतल्या दहा बायकांकडे फोन नव्हता. त्यांनी सरजाबाईंचा, म्हणजे माझाच नंबर दिला. तेव्हापासून कुणाचाही तपासणीचा अहवाल उघडायचा असला, की सहा आकडे पाखरांसारखे माझ्यावर येऊन उतरत. ते सांगितल्याशिवाय अहवाल उघडत नसे.

एका दुपारी त्या दहांपैकी पंचफुलाच्या सासूबाई, बायनाबाई, सरजाबाईंच्या उंबऱ्यात येऊन बसल्या.

"आमच्या पंचफुलीचा आकडा आलाय म्हणं. सांग की."

"तिला धाड. तिलाच सांगते."

"मी सासू हाय तिची!"

"म्हनून तर तिला धाड म्हनलं."

"लय मोठी कलेक्टरीण लागून गेलीस!"

"आजार तिचा हाय, माय. कुनाला सांगायचं ते ती बघंल."

संध्याकाळी पंचफुला आली. सरजाबाईंनी तिच्या कानात आकडे सांगितले आणि संदेश पुसून टाकला. आजार कोणता, ते मला आजही ठाऊक नाही.

यंदा उन्हाळ्यात सरजाबाई गेल्या. त्यांची मुलगी अर्पिता सेलूला शिक्षिका आहे. ती मला घेऊन गेली. मी वाजलो, की आईने हाक मारावी तशी ती धावे. पडद्यावर दुसऱ्याच कुणाचे तरी आकडे असत. तिकडे झरीत ती बाई दवाखान्यात खोळंबलेली असे.

सगळ्यांचे नंबर बदलले, की मी गप्प होईन, हे अर्पिताला कळत होते. तरी एका शनिवारी ती दहाही जणींना घेऊन आरोग्य केंद्रात गेली.

"ताई, आता कायदाच हाय," धम्मशीला सिस्टर म्हणाल्या. "ज्याची माहिती, परवानगी त्याचीच. दिलेली मागं बी घेता येते."

एव्हाना सगळ्यांकडे फोन आले होते. एकेकीने आपला नंबर लिहून दिला. पंचफुलाची पाळी आली. तिनेही नवा फोन घेतला होता. बायनाबाई कान देऊन शेजारी उभ्या होत्या.

"तुमी जरा भायेर बसा, मामी," पंचफुला म्हणाली.

बायनाबाई बाहेर जाऊन बसल्या.

त्यानंतर मी वाजलेलो नाही. अर्पिता मला अजून चार्ज करते. मित्रांनो, दुसऱ्याचे दुखणे कधी तुमच्या हाती आले, तर ते ज्याचे त्याला देऊन टाका. हात रिकामा वाटेल. वाटू द्या.