स्टकीनं कोल्बीला काय सांगितलं

व्हर्लिन स्टकीनं कॅल्डरच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात पुढच्या फळीला एकतीस वर्षं एकच गोष्ट शिकवली होती: चेंडू हलला की समोरच्याच्या छातीत घुसायचं आणि त्याला रेटत न्यायचं, मागून आपला गडी चेंडू घेऊन पळेल. यंदा मुख्य कोच म्हणून त्रेविन्यो आले आणि त्यांनी खेळच पालटला. आता चेंडू हवेतून जाणार. पुढच्या फळीनं मागं सरायचं आणि चेंडू फेकणाऱ्या जेसभोवती भिंत धरायची.

"मागं सरायला आपण काय खेकडे आहोत?" व्हर्लिन फळीतल्या पोरांना म्हणायचा. पोरं खिदळायची.

शुक्रवारच्या सामन्यात भिंत सारखी फुटत होती. मध्यंतरानंतर व्हर्लिननं डाव्या कडेच्या कोल्बीला खसकन जवळ ओढलं. "सोड ते खूळ. घुस सरळ. मी सांगतोय ना!"

कोल्बी घुसला. समोरचा गडी त्याला बगल देऊन आत शिरला आणि पाठमोऱ्या जेसवर आदळला. जेसचं खांद्याचं हाड मोडलं.

शनिवारी सकाळी सगळे सामन्याचं चित्रण बघायला बसले. त्रेविन्योंनी ते नेमकं तिथंच थांबवलं. "कोल्बी, पुढं का गेलास?"

कोल्बीनं एकदा व्हर्लिनकडे पाहिलं. "विसरलो, कोच."

"विसरलास? जेसचा अख्खा मोसम गेला!"

व्हर्लिन कॉफीच्या कपात बघत राहिला. शब्द जिभेवर आले होते; तेवढ्यात चित्रण पुढं सरकलं. कोल्बीला संघाबाहेर बसवलं.

रविवारी चर्चच्या दारात जेसच्या आईनं व्हर्लिनचा हात हातात घेतला. "कोच, तुम्ही होतात म्हणून आम्हाला धीर आला." त्यानं हात सोडवून घेतला. तो तडक त्रेविन्योंच्या घरी गेला. ते अंगणात मांस भाजत होते.

"कोल्बीला मीच सांगितलं होतं," तो म्हणाला.

त्रेविन्योंनी जाळीवरचं मांस उलटलं. मग म्हणाले, "मला नको. उद्या पोरांना सांगा."

सोमवारी त्यानं सांगितलं. त्याची मान वर झाली नाही. सगळे मैदानाकडे निघाल्यावर, संघात परत घेतलेला कोल्बी हेल्मेट घेऊन जवळ आला.

"मला वाटलं होतं, तुम्ही तिथंच बोलाल," एवढंच म्हणून तो रांगेत गेला.

सराव सुरू झाला. "मागं!" व्हर्लिन ओरडला. पोरं सरली, पण आधी त्रेविन्योंकडे बघून.