अर्धी टाकी

तपासणी दहाची होती आणि माझी बहीण सकाळी सहापासून घर धूत होती. मी साडेआठला पोचले तोवर तिनं खिडक्या, शिडी, एवढंच काय, बाहेरच्या कठड्याची खालची बाजूही घासून काढली होती. ती बाजू फक्त माशांना दिसते.

"तपासनीस बाई येणार आहेत त्या घर पाण्यात उलटतंय का ते बघायला," मी म्हणाले, "धूळ बघायला नाही."

"नकाशेबाई, तुम्ही तुमचं काम करा," ताई म्हणाली. चिडली की ती मला अहो-जाहो करते.

तिला चिडायला कारण होतं. बंदराच्या आतल्या शांत पाण्यात नऊ कुटुंबं जुन्या होड्यांवर राहतात, त्यातलं एक ताईचं. होड्या आता धोकादायक ठरल्यात. सुरक्षित तरंगती घरं करून दाखवा, नाहीतर शहराच्या दुसऱ्या टोकाला चौथ्या मजल्यावर खोल्या देतो, असं वरून सांगून झालं होतं. ताई होड्यांची इंजिनं दुरुस्त करते. चौथ्या मजल्यावर कोणती होडी येणार? आज हे नमुन्याचं घर पास झालं तर ती पाण्यावर राहणार, नाहीतर तिचं काम सुटलंच म्हणायचं. आणि घर मी आखलेलं.

मी मूळची जमिनीवरची घरं आखणारी. या घरात मात्र दोन वर्षं जीव ओतला होता. दोन आटोपशीर खोल्या, पाणगवताच्या हलक्या भिंती, उन्हावर चालणारे दिवे आणि छपरावर पावसाचं पाणी साठवणारी एक लांबरुंद, उथळ टाकी. त्या टाकीचं मला भारी कौतुक. भेटेल त्याला शिडीवर चढवून मी ती दाखवत असे.

तपासणी ऐकायला अगदी सोपी होती. आठ माणसांनी एका बाजूच्या कठड्याला उभं राहायचं, आणि तरी घराची कड पाण्यापासून वीस सेंटीमीटर वर राहायला हवी.

नऊच्या सुमाराला सुतारमामा आले. घर त्यांनी बांधलेलं. उभा जन्म होड्या बांधण्यात गेला, त्यामुळे बोलायची सवय कमी.

"टाकीत पाणी किती?" त्यांनी विचारलं.

"निम्मं असेल. बाकीचं हिनं घर धुवायला संपवलं."

"मग अवघड आहे."

मला हसू आलं. "मामा, मी काठोकाठ भरलेल्या टाकीचं गणित केलंय. निम्मं पाणी म्हणजे निम्मं ओझं. उलट सोपंच झालं की!"

मामांनी वाद घातला नाही. आत जाऊन मोठं ताट आणलं, त्यात बोटभर पाणी ओतलं आणि माझ्या हातात दिलं. "चाला."

मी तीन पावलं चालले. ताट जरासं कललं, पाणी त्या कडेला धावलं, ती कड जड झाली, ताट आणखी कललं आणि पाणी माझ्या पायांवर. जमिनीवर भरलेली टाकी सगळ्यात वाईट, म्हणून मी तेवढंच तपासलं होतं. भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागाच नसते. अर्ध्या टाकीत ते मोकळं सुटतं.

खात्री करायला आम्ही चौघं, म्हणजे ताई, भाऊजी, मामा आणि मी, कठड्याला जाऊन उभे राहिलो. डोक्यावर खळखळ ऐकू आली. घर कललं आणि कलतच राहिलं.

"मधे या!" मामा ओरडले. आम्ही धडपडत मधे आलो.

"नळ सोडला की अर्ध्या तासात टाकी रिकामी होईल," भाऊजी हळूच म्हणाले. "आजचं निभावून नेऊ. पुढचं पुढे."

खोटं कशाला बोलू, माझा हात नळावर गेला होता. ताई माझ्याकडे बघत होती. मला पुढचं दिसायला लागलं. टाकी एक दिवसाआड अर्धी असणार. इंजिन बघायला पाच-सहा जण येणार, सगळे एकाच बाजूला वाकणार, आणि ताई त्यांच्यात असणार. मी हात मागे घेतला.

तपासनीस बाई दहाच्या ठोक्याला आल्या. त्या बसायच्या आतच मी सगळं सांगून टाकलं.

"हे तुम्हाला आज कळलं?"

"आज. ताटात."

त्यांनी वही मिटली. "मी चारपर्यंत बंदरावर आहे. काय करायचं ते करा. चारला परत बघेन, पण पाणी निम्मंच ठेवायचं."

त्या गेल्यावर ताईला कंठ फुटला. "अर्ध्या टाकीचं वावडं आहे हे आधी सांगायचंस ना! मी भिंतीसुद्धा धुतल्या असत्या."

उपाय मामांकडे तयार होता. होडीवर कुणी सगळं पाणी एका भांड्यात ठेवत नाही, ते म्हणाले. मग टाकी रिकामी करून तिचे बोल्ट ताईनं खोलले, माझ्या लाडक्या टाकीला चौघांनी खाली उतरवलं, आणि शेजारच्या होड्यांवरून झाकणाचे पंधरा डबे आले. छपरावर फळ्यांच्या खाचांत ते एकमेकांना खेटून बसवले आणि प्रत्येकात निम्मं पाणी भरलं. एकातलं पाणी दुसऱ्यात जायला वाटच नाही. एक संपला की नळी पुढच्याला लावायची. दिसायला ते छप्पर किराणा दुकानासारखं झालं होतं आणि मला त्याचं काही म्हणजे काही वाटत नव्हतं.

चारला बाईंनी स्वतः आठ माणसं निवडली, नेमकी धिप्पाड. आठही जण कठड्याला गेले. डबे डुचमळले, घर कललं. मग ते थांबलं. बाई पट्टी घेऊन पालथ्या झोपल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत.

"अठ्ठावीस," त्या उठून म्हणाल्या. "पास. सुधारलेला नकाशा मात्र मला परवापर्यंत हवा. बाकीची आठ घरं त्यावरूनच होतील."

इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. लोक ओरडत, पाठी थोपटत आपापल्या होड्यांवर गेले. ताई दिसेना म्हणून मी आत गेले. ती खिडकीखाली जमिनीवर बसून हमसून हमसून रडत होती. दिवसभर टोमणे मारणारी माझी बहीण. मी तिला चिकटून बसले. आमच्या वजनानं घर किंचित त्या बाजूला झुकलं. ताई रडायची थांबली, कान देऊन बसली.

"थांबलं ना गं?"

"थांबलं, ताई."

"मग रडते अजून थोडी," ती म्हणाली.